‘बॉल कुठलाही चालतो, हात हवा’ या दाव्याचा प्रतिवाद

पुण्यातल्या पूल आणि स्नूकर खेळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा: सगळे बॉल शेवटी प्लास्टिकचेच असतात, क्यूने, म्हणजे खेळायच्या काठीने, ज्याला मारतात तो पांढरा बॉल थोडा जड किंवा मोठा असला तर उलट फटक्याला जास्तच जोर येतो आणि नवशिक्याचे भलेच होते, बॉल पुसणे हा निव्वळ दिखावा आहे, पांढऱ्या बॉलवरच्या लाल ठिपक्यांनी फिरकी वाढते हा भ्रम आहे, आणि ज्याचा हात बसला आहे तो कोणत्याही बॉलने खेळतो, तेव्हा चांगल्या सेटवर खर्च करणे व्यर्थ आहे. कोथरूडपासून विमाननगरपर्यंत नव्याने खेळू लागलेली मुले हे खरे मानतात आणि बॉलच्या दोषाचे खापर स्वतःच्या हातावर फोडतात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासायला हवा.

वजनाचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. दोन बॉल समान वजनाचे असतील आणि पांढरा बॉल न फिरता, केवळ घसरत जाऊन समोरच्या बॉलवर अगदी सरळ आदळला, तर तो आपला जवळजवळ सगळा वेग त्याला देतो आणि जागच्या जागी थांबतो. हाच स्टन. तोच फटका तिरका लागला तर दोन्ही बॉलच्या वाटा एकमेकींशी जवळपास ९० अंशांचा कोन करतात, आणि पोझिशनचा, म्हणजे पुढच्या फटक्यासाठी पांढरा बॉल सोयीच्या जागी नेण्याचा, सारा हिशेब या कोनावर उभा असतो. आता पूलच्या बॉलचा प्रमाणित व्यास ५७.१५ मिलिमीटर आहे. परंतु नाणे टाकून खेळण्याच्या टेबलांना पॉकेटमध्ये पडलेला पांढरा बॉल वेगळा ओळखून परत देता यावा, यासाठी तो मुद्दाम मोठा, सुमारे ६०.३ मिलिमीटरचा बनवण्याची पद्धत होती. व्यासातला फरक जेमतेम ३ मिलिमीटरचा दिसतो, पण वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने त्याच पदार्थाचा असा बॉल साधारण १७ टक्के जड भरतो. तो स्टन मारूनही थांबत नाही, पुढे सरकतो. तिरक्या फटक्यात ९० अंशांच्या आत वळतो. आणि त्याला मागे खेचायचे, म्हणजे स्क्रू करायचे, तर नेहमीपेक्षा बरीच जास्त उलटी फिरकी द्यावी लागते. झिजून हलका झालेला पांढरा बॉल नेमके उलटे वागतो: स्क्रू सहज होतो, पण फॉलो, म्हणजे धडकेनंतर पांढऱ्या बॉलने पुढे जाणे, मात्र अपुरा पडतो.

जोर वाढतो, या म्हणण्यात तथ्य अगदी थोडे आहे. जड बॉल समोरच्या बॉलला अधिक वेग देतो हे खरे. पण क्यूच्या त्याच फटक्याने तो स्वतः कमी वेगाने निघतो, त्यामुळे फायद्यातला निम्म्याच्या आसपास भाग तिथेच संपतो. उरलेल्या तीन-चार टक्क्यांसाठी नवशिक्याने स्टनचा कोनच चुकीचा शिकावा, हे मला कोणत्याही अर्थाने त्याचे भले वाटत नाही.

याची खात्री कोणालाही आपल्या नेहमीच्या टेबलावर करता येईल. पांढरा बॉल आणि एक रंगीत बॉल फूटभर अंतरावर सरळ रेषेत ठेवून, मध्याच्या किंचित खाली मारून स्टन खेळावा. मग पांढऱ्याच्या जागी दुसरा रंगीत बॉल ठेवून तोच फटका पुन्हा पुन्हा मारावा. रंगीत बॉल थांबतो आणि पांढरा दर वेळी पुढे जातो किंवा मागे येतो, असे दिसले तर दोष हाताचा नाही. व्यास पाहायचा असेल तर दोन्ही बॉल एकमेकांना चिकटवून त्यांच्यावर पोलादी पट्टी आडवी धरावी. पट्टी कोणत्या बाजूला कलते, ते लगेच कळते.

‘सगळे प्लास्टिकच’ हे विधान इतके ढोबळ आहे की त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. एकोणिसाव्या शतकात हस्तिदंताला पर्याय म्हणून आलेले सेल्युलॉइडही प्लास्टिकच होते. आज बेल्जियममधील सालुक कंपनीचे अरामिथ बॉल फिनॉलिक रेझिनचे असतात, तर स्वस्त सेट बहुधा पॉलिस्टरचे असतात; पॉलिस्टरवर ओरखडे लवकर पडतात आणि ते लवकर झिजते. पांढरा बॉल तर प्रत्येक फटक्यात वापरला जातो, म्हणून सर्वांत आधी तोच लहान होतो. ५७.१५ चा ५६.६ मिलिमीटर झाला की वजन जवळपास ३ टक्क्यांनी घटलेले असते. म्हणजे चांगल्या सेटमधला पांढरा बॉलही कायमचा भरवशाचा नसतो.

पुसण्याच्या बाबतीत पूना क्लब किंवा पीवायसी हिंदू जिमखान्यासारख्या जुन्या क्लबांची शिस्त पूल पार्लरवाल्यांनी घ्यावी, असे मला मनापासून वाटते. दोन बॉल आदळतात त्या क्षणी त्यांच्यातल्या घर्षणाने समोरचा बॉल भूमितीने ठरवलेल्या रेषेपासून किंचित ढकलला जातो. क्यूच्या टोकाला लावायच्या चॉकची पूड आणि हाताचा तेलकटपणा साचलेल्या बॉलवर हे ढकलणे वाढते, आणि स्पर्शबिंदूवर नेमका चॉकचा कण आला तर किक बसते, म्हणजे बॉल दचकल्यासारखा उडून वाट सोडतो. एका अंशाचा फरक २ मीटरवर साडेतीन सेंटिमीटर होतो. पॉकेटच्या तोंडावर तेवढ्याने बॉल आत जाण्याऐवजी जबड्यात अडखळतो.

दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या लाल ठिपक्यांच्या पांढऱ्या बॉलबद्दल त्या मजकुरातला टोला मात्र मान्य करावा लागेल: ठिपक्यांनी फिरकी वाढत नाही, ती फक्त डोळ्यांना दिसते. शिकणाऱ्याला तेवढाही उपयोग थोडा नाही.

राहिला बसलेल्या हाताचा मुद्दा. कसलेला खेळाडू हलक्या किंवा जड सेटशी काही फटक्यांतच जुळवून घेतो, पण कधी, तर सेटमधले सगळे बॉल आपसांत सारखे असतील तेव्हाच. नियमही नेमके हेच सांगतात. स्नूकर आणि बिलियर्ड्समध्ये व्यास ५२.५ मिलिमीटर, फरक फार तर ०.०५ मिलिमीटरचा, वजन किती असावे हे नियम सांगत नाहीत, पण एका सेटमधली तफावत स्नूकरला ३ ग्रॅम आणि बिलियर्ड्सला अवघी ०.५ ग्रॅम इतकीच चालते. बिलियर्ड्समध्ये तीनच बॉल, आणि एकाचा क्यू बॉल हा दुसऱ्याच्या कॅननचे, म्हणजे एकाच फटक्यात दोन्ही बॉलना स्पर्श करण्याचे, लक्ष्य असतो, म्हणून तिथे इतकी कडक मर्यादा हवीच. तेव्हा पार्लरमालकांकडे मागणी महागड्या सेटची नको. पांढरा बॉल हरवला किंवा झिजला, की बाजारात मिळेल तो सुटा बॉल न आणता त्याच कंपनीच्या त्याच सेटशी जुळणारा बॉल व्यास आणि वजन तपासून आणावा, आणि तसा मिळत नसेल तर संपूर्ण सेट बदलावा, एवढीच मागणी करावी.