रताळ्या म्हणणाऱ्यांनो, आधी रताळं लावून बघा की

"ए रताळ्या!" बेळगावात शाळेच्या मैदानात, गॅरेजात, बसस्टॉपवर, कुठंही उभं राहा, हे कानावर पडतंच. अर्थ काय, तर बिनडोक, बावळट. ज्या तालुक्याची रताळी दिल्लीच्या बाजारापर्यंत जातात, त्याच तालुक्यात ही शिवी! डोकं फिरतं ऐकून.

रताळं आपोआप येत नाही. वेलाच्या शेंड्याकडचे वीतभर, तीन-चार डोळ्यांचे तुकडे घ्यायचे आणि दोन-दोन फुटांवरच्या वरंब्यांवर निम्मे डोळे मातीत जातील असे लावायचे. वेल पसरले की उचलून फिरवायचे, नाहीतर जागोजागी पेरांना मुळं फुटतात आणि बुडातलं रताळं पोसत नाही. युरिया जास्त पडला की नुसता पाला. सरीत पाणी तुंबलं की कूज. माती भेगाळली की त्या भेगेतून सोंड्या भुंगा खाली पोचतो, त्याची अळी आतून बोगदे पाडते आणि रताळं इतकं कडू होतं की शिजवूनही खाता येत नाही. म्हणून वेळेवर मातीची भर द्यायची आणि साडेतीन-चार महिन्यांत काढायचंच, भाव वाढेल म्हणून जमिनीत ठेवायचं नाही. यात बावळट काय आहे? वर काही न दाखवता खाली पोसणारं पीक आहे ते. शिवी द्यायचीच असेल तर घर आतून पोखरणाऱ्याला 'सोंड्या' म्हणा, ती निदान खरी ठरेल.

बैलाच्या बाबतीत तर आपलं सरळ ढोंग आहे. कर्नाटकी बेंदराला, ज्येष्ठ पौर्णिमेला, शिंगं रंगवून, पुरणपोळी चारून त्याच्या पाया पडायचं आणि दुसऱ्या दिवशी गणित चुकलेल्या पोराला 'बैल आहेस नुसता' म्हणायचं. डाव्या अंगाला शिकलेला बैल उजवीकडं जुंपून बघा. बिथरतो, नांगराचं तास वाकडं जातं, कारण त्याला आपली बाजू पाठ असते. बांधाशी वळताना आतल्यानं पाय आवरायचे, बाहेरच्यानं लांब टाकायचे, हे दोघं नुसत्या हाकेवर करतात.

गाढवाला हट्टी म्हणतात. घोडा भ्याला की पळतो, गाढव भ्यालं की जागेवर थांबून अंदाज घेतं. काठी घातली की आणखी अडतं. कन्नडातही सुटका नाही, 'कत्ते' म्हणजे गाढव आणि 'मंग्या' म्हणजे माकड, तयारच. सीमाभागातल्या पोरानं दोन्ही भाषांतून ऐकायचं.

सगळ्यात जास्त चीड येते ती 'म्हैस' ऐकून. सावळ्या, अंगानं भरलेल्या बाईला तोंडावर म्हणतात. चहाला दूध मात्र म्हशीचंच पाहिजे, घट्ट. म्हैस चिखलात बसते ती आळशी म्हणून नाही. तिच्या कातडीत घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कमी, केस विरळ, रंग काळा, ऊन सगळं अंगात मुरतं. डुंबायला पाणी नसेल तर ती तापते, चारा कमी खाते, दूध घटतं, उन्हाळ्यात तर माजावर आलेली ओळखूही येत नाही. पान्हा सोडायला तिला गाईपेक्षा वेळ लागतो. कास धुऊन, चोळून थांबावं लागतं, घाई केली तर दूध वरच राहतं. धार काढणारा हात बदलला, गोठ्यात आवाज चढला, की पान्हा चोरते. इतकं माणूस ओळखणारं जनावर. त्याचं नाव घेऊन आठवीतल्या पोरीला भर वर्गात हिणवता, आणि ती पोरगी डबा तसाच भरलेला घरी आणते.