नोंद आहे, पण सूची नाही

महाराष्ट्रातल्या तहसील कचेऱ्यांमधली जन्म-मृत्यूची जुनी दप्तरे गेल्या काही वर्षांत जेवढी उलगडली गेली, तेवढी त्याआधी कित्येक दशकांत कुणी उलगडली नसतील. कारण वंशावळीची हौस नव्हे, आरक्षण. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यापासून सुरुवात होऊन राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. त्या शोधाचा एक मोठा आधार होता गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. गावात कोण जन्मले, कोण मेले, हे त्यात टिपलेले असते, आणि जातीचाही उल्लेख असतो. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. दुसरा वाद २०२५ चा: उशिरा केलेल्या जन्म-मृत्यू नोंदींतून बनावट दाखले निघतात असे आरोप झाले, मालेगावचे नाव गाजले, आणि महसूल विभागाने एक वर्षापेक्षा जुन्या घटनांच्या नोंदीची कार्यपद्धती आवळली. तिसरा वाद २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याचा. त्याने माहिती अधिकार कायद्यातले वैयक्तिक माहितीचे उपकलमच बदलून टाकले.

या तिन्ही वादांत एका माणसाचा विचार कुठेच नाही. त्याला दाखला नको, जात नको, जमीन नको; पणजोबा कुठे आणि कधी वारले, एवढेच हवे आहे. असा माणूस आज बहुधा परदेशात बसलेला असतो आणि त्याची मुले शाळेच्या प्रकल्पासाठी वंशवृक्ष काढत असतात. शेजारच्या इंग्रज मुलाचा वृक्ष सात पिढ्या मागे जातो, यांचा आजोबांपाशी थांबतो. मग ‘आपल्याकडे नोंदीच नाहीत’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. तो चूक आहे. ‘तिकडे सगळे एका क्लिकवर मिळते’ हा पुण्या-मुंबईतला समजही तितकाच चूक.

इंग्लंड आणि वेल्समध्ये मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. पण मूळ नोंदवही आजही कुणाला चाळता येत नाही. लोकांसाठी खुली असते ती फक्त सूची: नाव, वर्ष, तिमाही, नोंदणी जिल्हा, खंड, पान. १८६६ पासूनच्या छापील सूचीत वयही आहे, १९६९ पासून जन्मतारीख. फ्रीबीएमडी या स्वयंसेवकांच्या संकेतस्थळावर या सूचीचा फार मोठा भाग फुकट शोधता येतो. नोंद सापडली की क्रमांक देऊन, शुल्क भरून दाखला मागवायचा. तिमाही मात्र नोंदणीची असते, मृत्यूची नव्हे. २९ डिसेंबरला वारलेला माणूस पुढच्या वर्षाच्या मार्च तिमाहीत सापडू शकतो, आणि मृत्यूची न्यायिक चौकशी झाली असेल तर आणखी कित्येक महिने पुढे.

दाखला हाती आल्यावरही इंग्लंड तोकडेच पडते. प्रौढ माणसाच्या जुन्या दाखल्यावर आईवडिलांची नावे नसतात. स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून ती असतात, आईचे माहेरचे आडनावसुद्धा. त्यामुळे ग्लासगोत वारलेल्या पूर्वजाचा वंशज लिव्हरपूलवाल्यापेक्षा एक पिढी सहज पुढे असतो. अमेरिकेत प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी. न्यूयॉर्क राज्यात परक्या माणसाला मृत्यूच्या नोंदीसाठी ५० वर्षे थांबावे लागते. सोशल सिक्युरिटी या सरकारी निवृत्तिवेतन योजनेची मयतांची यादी पूर्वी लगेच खुली व्हायची. मेलेल्यांच्या सोशल सिक्युरिटी क्रमांकावर करपरतावे उकळणारे निघाले, तेव्हा २०१४ पासून ती मृत्यूनंतरची पहिली तीन वर्षे बंद झाली.

आता आपला कायदा बघा. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १ एप्रिल १९७० पासून महाराष्ट्रात लागू आहे. त्याच्या कलम १७ प्रमाणे कोणतीही व्यक्ती निबंधकाला नोंदवहीत शोध घ्यायला लावू शकते आणि मृत्यूचा दाखला मागू शकते. कोणतीही, वारसच हवा असे नाही. अट एकच, दाखल्यात मृत्यूचे कारण उघड करायचे नाही. इंग्लंडमध्ये उलट आहे: गेल्या महिन्यात वारलेल्या शेजाऱ्याचा दाखला कुणीही विकत घ्यावा आणि कर्करोग होता की आत्महत्या, ते वाचावे. या बाबतीत आपला कायदा अधिक सभ्य आहे, आणि ‘परदेशात कसे सगळे खुले’ म्हणणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे. आपल्याकडे हक्क आहे, नोंद आहे, लाजही राखलेली आहे. सूची तेवढी नाही. तारीख आणि ठिकाण आधीच ठाऊक असेल तरच नोंद सापडते, आणि ते ठाऊक असते तर शोध कशाला घेतला असता?

तरीही मार्ग आहे, फक्त उलट्या बाजूने जावे लागते.

पहिली गोष्ट, १९७० नंतरचा मृत्यू जिथे घडला तिथे नोंदला जातो, राहत्या गावी नव्हे. साताऱ्याच्या खेड्यातला माणूस ससूनमध्ये वारला तर नोंद पुण्यात. गावी ‘नाही’ म्हणाले की आधी शेवटचे आजारपण कुठे काढले ते विचारा. अर्जात कलम १७ चा उल्लेख करा, साल नक्की नसेल तर अलीकडची-पलीकडची मिळून पाच-सात वर्षे स्पष्ट लिहा. शोधशुल्क वर्षांच्या हिशेबाने असते आणि किरकोळ असते. काहीच सापडले नाही तर तोंडी नकारावर परत येऊ नका. नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला नमुना १० मध्ये मिळतो, तो मागा. परदेशातून काम करणाऱ्याने गावातल्या नातेवाइकाला सहीचे अधिकारपत्र पाठवावे. नुसत्या ईमेलवर दप्तर हलत नाही.

मृत्यू १९७० च्या आधीचा आणि गावातला असेल तर कोतवाल बुक, आणि ते बहुधा तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात. इथे आडनाव शोधत बसाल तर हात हलवत परत याल. नोंद ‘महादू बिन विठू’ किंवा ‘रखमा कोम महादू’ अशी असते. बिन म्हणजे मुलगा, कोम म्हणजे बायको. कधी बिनऐवजी ‘वलद’ही दिसते. कागदावरचा महादेव वहीत महादू असतो, रुक्मिणी रखमा असते, तान्ह्या बाळाला तर बऱ्याचदा नावच नसते. कारणाच्या रकान्यावर फार विसंबू नका. इंग्रजी अमलातल्या नोंदीत पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण अशी मोजकी खाती होती, आणि जे कशात बसत नाही ते तापात. मराठवाड्यातले कागद उर्दूत असू शकतात आणि साल फसली, म्हणजे निजामी महसुली. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, वर्षभर मागे-पुढे धरून. कुणबी नोंदींच्या मोहिमेत सापडलेले कागद अनेक जिल्ह्यांनी आपापल्या संकेतस्थळावर गावनिहाय चढवले आहेत. तुम्हाला कुणबी दाखला नको असला तरी तुमच्या गावची पाने तिथे बघून घ्या.

पण सगळ्यात भरवशाचा कागद मृत्यूचा नसतोच. तो जमिनीचा असतो. खातेदार वारला की वारसांची नोंद होते: गाव नमुना ६ क म्हणजे वारस नोंदवही, आणि त्यावरून गाव नमुना ६ मधला फेरफार. त्यात मयताचे नाव, बहुतेकदा मृत्यूची तारीख आणि एकेका वारसाचे नाव व नाते येते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या फेरफारात मुलीही येऊ लागतात, सासरच्या नावाने आणि पुष्कळदा सासरच्या गावासकट. नंतर एखादा हक्कसोड पत्राचा फेरफार येतो आणि त्या कमी होतात. वंशावळ लिहिणाऱ्याला मात्र आत्याचे सासर त्या सोडलेल्या हक्कामुळेच सापडते. राज्य सरकारच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर अनेक जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून ठेवलेले आहेत. फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख समजू नका. वारस लावायला दहा-पंधरा वर्षे लावणारी घरे आपल्याकडे कमी नाहीत.

वर्तमानपत्रांकडे वळले की निराशा वाढते. आपली निधनवार्ता साच्यातली: अल्पशा आजाराने निधन, पश्चात पत्नी, दोन मुले, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडे असा परिवार. माणसांची मोजदाद असते, नावे नसतात. एखाद्या मुलाचे नाव आलेच तर तो पदाधिकारी असतो म्हणून. इंग्रजी शोकसूचनेत मुलींची नावे, लग्नापूर्वीचे आडनाव आणि कुठल्या दफनभूमीत, एवढे तरी असते. जाहिरातींचे पान त्या मानाने बरे. प्रथम पुण्यस्मरणाच्या जाहिरातीखाली ‘शोकाकुल’ म्हणून सगळ्या कुटुंबाची नावे छापतात, म्हणून मृत्यूच्या आठवड्यापेक्षा बरोबर वर्षानंतरचा अंक आधी काढावा. गोव्यात इंग्रजी दैनिकांची मृत्यूची पाने याहून भरघोस असतात; फोटो, गाव आणि वाड्याचे नावही मिळते. अडचण आवृत्तीची असते. निधनवार्ता स्थानिक पानावर येते, आणि ग्रंथालयात बांधून ठेवलेली फाइल पुण्या-मुंबईच्या मुख्य अंकाची निघते. ई-पेपर म्हणजे पानाचा फोटो. त्यात देवनागरीत नाव टाकून शोध चालतोच असे नाही. १९३२ पासूनचा ‘सकाळ’ असो की १८८१ पासूनचा ‘केसरी’, महिना ठाऊक नसेल तर पान-पान उलटण्यावाचून गत्यंतर नाही.

महिना मात्र घरातच असतो, श्राद्धतिथीच्या रूपात. साल आठवत नाही, पण ‘आश्विन वद्य षष्ठी’ हे कुठल्याही आजीला पाठ असते. कुठे शके साल लिहिलेले सापडले तर त्यात ७८ मिळवायचे. जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंतचा भाग असेल तर ७९. आश्विन शके १८४० म्हणजे ऑक्टोबर १९१८, इन्फ्लुएन्झाची सगळ्यात भीषण लाट. त्या महिन्याच्या कोतवाल बुकात एकाच घरातली तीन नावे ओळीने दिसली तर चकित होऊ नका. तिथी आणि तारीख यांत एखाद्या दिवसाचा फरक पडतो, कारण तिथी मध्यरात्री बदलत नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत अस्थी घेऊन कोण, कुणाच्या, केव्हा आले ते मिळते. हरिद्वारच्या वहीत मात्र साल विक्रम संवत आणि महिने पौर्णिमान्त, म्हणजे पौर्णिमेला संपणारे, असतात. आपला मार्गशीर्ष वद्य पक्ष तिथे पौष कृष्ण म्हणून लिहिला जातो, आणि एवढ्याने शोध महिनाभर चुकतो.

थडग्यांच्या फोटोंवर चालणारी पाश्चात्त्य संकेतस्थळे दहन करणाऱ्या समाजाच्या काही उपयोगाची नाहीत. त्यातून एक विपरीत गोष्ट घडते. मुंबई इलाख्यातल्या ख्रिस्ती दफनांच्या नोंदींच्या प्रती तेव्हा दरवर्षी लंडनला जात आणि आज त्या ब्रिटिश लायब्ररीत सूचीसह आहेत. म्हणजे खडकीच्या छावणीत तापाने मेलेला गोरा शिपाई लंडनमधून तासाभरात सापडू शकतो, आणि त्याच खडकीत शंभर वर्षांनी वारलेला मराठी कामगार सापडत नाही.

म्हणून मागणी एवढीच: मृत्यूला ५० वर्षे झालेल्या सगळ्या नोंदींची नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, गाव, साल आणि पान क्रमांक अशी सूची सरकारने प्रसिद्ध करावी. कारण नको, जात नको, मूळ पानाचा फोटोही नको. बनावट दाखल्यांची भीती असलेल्यांनाही यात विरोधाचे कारण दिसत नाही. जुन्या नोंदींची गोठवलेली सूची जाहीर असेल तर मागच्या तारखेने घुसवलेली नोंद उघडी पडते. जातीचा रकाना सूचीत न घेण्यावर मात्र ठाम राहायला हवे, नाहीतर हे काम पुन्हा दाखल्यांच्या रांगेत जाऊन बसेल. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीने जन्म-मृत्यूंचा राष्ट्रीय आणि राज्य पातळीवरचा विदासंच बंधनकारक झालाच आहे. तो मतदार यादी आणि शिधापत्रिकेसाठी वापरता येतो, तर पन्नास वर्षे जुना भाग वंशजांसाठी का नाही?

स्कॅन झाले म्हणून मूळ वह्या रद्दीत घालायची घाई मात्र नको. डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या न्याय खात्याने जुनी मृत्युपत्रे डिजिटल करून मूळ कागद नष्ट करण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा इतिहासकारांनी रान उठवले. खर्च वाचवण्याची खाज सगळीकडे सारखीच.

परदेशस्थांनी आपल्या बाजूचेही बघावे. भारतीय नागरिक इंग्लंडमध्ये वारला तर भारतीय उच्चायुक्तालयात नोंद करता येते. ब्रिटिश नागरिकत्व घेतलेल्याची ती सोय नाही. त्याच्या मृत्यूची भारतात खूण उरते ती गावच्या वारस फेरफारात, आणि तो लावायला इंग्लिश दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य ठरवणारा सरकारी शिक्का, लागते. इंग्लंडमध्ये नोंदणीला साधारण पाच दिवसांची मुदत असते. निबंधक सही घेण्याआधी नोंद वाचायला देतो, तेव्हा नावाचे स्पेलिंग, मधले वडिलांचे नाव आणि जन्मगाव पासपोर्टशी ताडून बघा. जन्मस्थळात नुसते ‘इंडिया’ लिहू देऊ नका, गाव आणि तालुका घाला. नंतर केलेली दुरुस्ती समासात टीप म्हणून चढते. मूळ चूक ओळीत तशीच राहते आणि पुढच्या प्रत्येक दाखल्यावर छापून येते.