नाही रे बाबा, मी गात नाही!

पुन्हा तेच! 'काय करतेस?' 'फोली आर्टिस्ट आहे.' 'अरे वा, गातेस?' कपाळ माझं! सिनेमातली पावलं, दाराची करकर, साडीची सळसळ, हे सगळं मी पडद्याकडे बघत स्टुडिओत वाजवते. 'पण ते शूटिंगमध्येच येतं ना?' अरे, तिथला माइक फक्त संवाद टिपायच्या मागे असतो! बर्फातली पावलं म्हणजे पिशवीत भरलेलं कॉर्नस्टार्च दाबायचं, हाड मोडल्याचा आवाज हवा तर सेलरी नावाच्या भाजीचा दांडा मोडायचा. एवढा घसा कोरडा केल्यावर साहेब विचारतात, 'आणि पोटापाण्यासाठी?' एक महाभाग तर म्हणाला, 'घोडा करून दाखव ना!' मी काय जत्रेतलं खेळणं आहे? आणि हमखास शेवटी, 'हे कॉम्प्युटरवर होत नाही का?' होतं ना! मग मला कशाला भेटतोस, त्याच्याशीच बोलत बस की! पुढच्या वेळी सरळ सांगणार, बँकेत आहे.