प्रेमाचा घात कोण करतं? चिनी कथा नीट वाचा

चिनी लोककथांबद्दल एक संदेश बराच फिरतोय. तिथल्या प्रेमाचा घात बाईचा मत्सर करतो, पुरुष बिचारा मधल्यामध्ये भरडला जातो आणि मत्सरी बाईला कथा शेवटी अद्दल घडवते, असं त्याचं म्हणणं.

पहिला दावा. चीनमध्ये ज्या चार कथा सर्वश्रेष्ठ मानतात, त्याच घेऊ. मंग च्यांगन्यूचा नवरा सम्राटाच्या चीनच्या भिंतीवर वेठीला राबून मरतो. गुराखी आणि विणकर अप्सरा यांच्यामध्ये स्वर्गाची राजमाता आकाशगंगा आणून घालते. चू यिंगथायचं प्रेम दुसऱ्यावर, पण तिचं लग्न घरचे परस्पर मा घराण्यात ठरवतात. बाईच्या रूपात माणसाशी लग्न केलेल्या शुभ्र नागिणीला फाहाय नावाचा भिक्षू हांगचौच्या लेइफंग पॅगोड्याखाली कोंडतो. यात सवत कुठे आली? मत्सरी कोणी असेलच तर तो फाहाय. १९२४ साली तो पॅगोडा खरोखरच कोसळला, तेव्हा चिनी लेखक लू शुन यांनीही फाहायवर हाच आरोप केला. लोकांनी तर त्याला खेकड्यात लपायला लावलंय: शिजवलेल्या खेकड्याच्या कवचातली पिशवी उलटी केली की बसलेला भिक्षू दिसतो, तोच हा!

दुसरा दावा, बिचारा पुरुष. नागिणीच्या कथेच्या सतराव्या शतकात छापलेल्या रूपात नवरा स्वतःच भिक्षूचं भिक्षापात्र तिच्या डोक्यावर दाबून धरतो. थांग घराण्याच्या काळात (सातवं ते दहावं शतक) तर बायकोला टाकून देण्याची जी सात कारणं कायद्याला मान्य होती, त्यात मत्सर होता. नवऱ्याने दुसरी आणली तर ती रीत, हिने तोंड उघडलं तर हा दोष.

उरली अद्दल. नवव्या शतकातल्या एका संग्रहात ल्यू पोयूची गोष्ट आहे. हा गृहस्थ बायकोसमोर लो नदीच्या देवीवरचं काव्य म्हणतो आणि वर म्हणतो, अशी बायको मिळाली तर आणखी काय हवं! बायको विचारते, मी मेले तर मलाही जलदेवी होता येणार नाही का? त्याच रात्री ती नदीत जीव देते. सातव्या दिवशी स्वप्नात येऊन सांगते, तुम्हाला देवी हवी होती ना, झाले मी. नवऱ्याने पुन्हा जन्मात नदी ओलांडली नाही.

पुढे तिने जीव दिला त्या घाटावर सुंदर बाया कपडे चुरगाळून, चेहरा विस्कटूनच नावेत चढायच्या, नाहीतर तिच्या मत्सराने वादळ उठायचं. रूपाने बेताच्या बाया नटून गेल्या तरी पाणी शांत. पण नटून जाऊनही वादळ उठलं नाही, तर हिचं रूप बेताचंच म्हणून लोक हसणार, म्हणून त्याही केस विस्कटून घ्यायच्या.