भाऊसाहेबांवर आरोपपत्र, पाने चार

‘पानिपतच्या पराभवाला सदाशिवरावभाऊ कितपत जबाबदार? एका साधनाच्या आधारे मत मांडा.’ निबंधाचा प्रश्न एवढाच. पण मराठी माणसाच्या हाती पानिपत लागलं की दुसऱ्या ओळीत ‘भळभळती जखम’ येते, पाचव्या ओळीत बांगड्या फुटतात आणि निबंधाचा पोवाडा होतो. पोवाड्याला पुरावा लागत नाही, डफ लागतो.

म्हणून माझा पहिला हट्ट: दावा एका वाक्यात लिहा. ‘14 जानेवारी 1761 रोजी मराठे हरले’ हा दावा नव्हे. त्यावर भांडायला अब्दालीसुद्धा येणार नाही. ‘भाऊ लढाईला उतावीळ नव्हता, उपासमारीनं त्याला खंदकाबाहेर काढलं’ असं लिहा. यावर टपरीवरचा चहा गार होईपर्यंत भांडता येतं, म्हणजे दावा जमला.

आता साधन. काशीराज पंडिताची फारसी हकिकत घ्या. बहुतेक जण तिच्यातला अर्धा पानभर उतारा चिकटवतात आणि परीक्षक तो डोळे मिटून ओलांडतो. उतारा दोन ओळींचा पुरे. त्याआधी लिहिणाऱ्याची ओळख हवी: काशीराज अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी, म्हणजे अब्दालीच्या बाजूला, तहाच्या बोलण्यांत त्याचा हात, आणि लिहिलं 1780 साली, लढाईला 19 वर्षं उलटल्यावर.

खरी मेख पुढेच आहे. तो सांगतो, लढाईआधी भाऊच्या तंबूत माणसं जमली, दोन दिवस पोटात अन्न नाही म्हणाली, लढून मरायच्या शपथा झाल्या. तोच सांगतो, भाऊची चिठ्ठी आपल्याला आली: प्याला काठोकाठ भरलाय, आता थेंबही मावणार नाही, काही करता येत असेल तर करा. माणूस एक, हकिकत एक. पण तंबूत तो नव्हता आणि चिठ्ठी त्याच्या हातात पडली. एक ऐकीव, एक स्वतःची. ‘काशीराज म्हणतो’ असं दोन्हीला एकच लेबल लावलंत की गुण गेले. दाव्याचा भार चिठ्ठीवर टाका, तोही मजकुरावर. 19 वर्षांनी आठवलेल्या एकेका शब्दावर नको. उताऱ्याखाली तीन-चार वाक्यं स्वतःची लिहा. उतारा आपला आपण बोलत नाही, कितीही गोड असला तरी.

मग विरोधी बाजू. हा परिच्छेद लोक शत्रूला रसद दिल्यासारखा चोरून लिहितात. उपासमार आभाळातून पडली का? छावणी अडीच महिने खंदकात, डिसेंबरात रसद जमवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, आणि बरोबर बायकामुलं, यात्रेकरू. एवढी तोंडं सोबत ठेवण्याची जबाबदारी भाऊची नाही तर कोणाची? हे मान्य करा. दावा थोडा वाकतो, मोडत नाही.

आणि शेवटी ‘मल्हारराव होळकरांचं ऐकलं असतं तर’ असं सुरू होणारं वाक्य हमखास सुचेल. खोडा. पुरावा कोणाकडे मागणार? काशीराज तर शुजाच्या छावणीत होता.