दोघांनाच राइडवर पाठवलं, त्याबद्दल

काकू, नमस्कार.

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, 'दोन नातवंडांची आजी' एवढीच सही आहे, म्हणून काकू म्हणते. तुमची प्रतिक्रिया वाचून चार दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण तुमचे पहिले दोन मुद्दे मला पटले नाहीत, तिसरा पटला, पण चौथा इतका लागला की आधी त्यावर घरात बोलणं झालं आणि मगच लिहायला बसले.

ज्यांनी आधीचा लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एप्रिलच्या सुट्टीत आम्ही न्यू जर्सीहून ऑरलँडोला डिस्ने वर्ल्ड बघायला गेलो होतो. लेक १० वर्षांची, मुलाला नुकतंच सातवं पूर्ण झालेलं. तिथल्या मॅजिक किंगडममध्ये 'बार्नस्टॉर्मर' नावाचा लहान मुलांसाठीचा छोटा रोलर कोस्टर आहे. त्यावर आम्ही दोघांनाच पाठवलं आणि आम्ही नवराबायको बाहेर थांबलो. त्यावर तुम्ही लिहिलंत: "आईबाप खाली उभे आणि सात वर्षांचं लेकरू दहा वर्षांच्या पोरीच्या भरवशावर! काही झालं असतं तर? तिथल्याच कॅन्ससमध्ये त्या मुलाचं काय झालं ते वाचा. तिकडचं बघून इकडे आमच्या सुनाही जत्रेत पोरं एकटी सोडतील. आणि त्या मुलीचा काय गुन्हा, तिने का आई व्हायचं?"

भरवशाचं आधी बोलते. डिस्नेचा नियम असा आहे की ७ वर्षांखालच्या मुलाला राइडवर बसायचं असेल तर सोबत किमान १४ वर्षांचं कुणीतरी हवं. सात पूर्ण झाली आणि उंची बसत असेल तर मूल एकटं बसू शकतं. पार्कच्या आत मात्र १४ वर्षांखालच्या मुलांना एकट्याने येता येत नाही, म्हणजे आम्ही पार्कात असणं भागच होतं. ऑरलँडोतल्याच युनिव्हर्सल या दुसऱ्या पार्कमध्ये वयापेक्षा उंचीला महत्त्व आहे, तिथे बऱ्याच राइडवर ४८ इंचांहून बुटक्या मुलासोबत कुणी मोठं लागतं. बार्नस्टॉर्मरला ३५ इंच पुरतात, माझा मुलगा त्याहून चांगला उंच आहे. राइड जेमतेम मिनिटभराची, आणि गाडी फिरताना बाहेरून दिसते. नियम आहे म्हणून मी निर्धास्त झाले असं नाही. पण सात हा आकडा मी माझ्या सोयीने काढलेला नव्हता, एवढं तुमच्या लक्षात यावं.

तुम्ही म्हणता, "आई शेजारी असती तर तिने धरलं तरी असतं." काकू, मलाही अनेक वर्षं असंच वाटायचं. दोन वर्षांपूर्वी आमच्या गावात फिरत्या राइडवाल्यांची जत्रा आली होती, इथे उन्हाळ्यात अशा येतात. नवरा आणि मुलगा एका राइडमध्ये शेजारी शेजारी बसले. दोघांच्या मांडीवरून एकच लोखंडी बार. तो खाली आला, कट्कट् वाजला आणि नवऱ्याच्या मांडीला टेकून थांबला. मी कठड्याशी होते, वाकून मुलाच्या पोटासमोर हात घातला, तर माझी मूठ आरपार गेली. बाप गच्च बसलेला आणि पोरगं त्या बारच्या खाली मोकळं. मी दोघांनाही उतरवलं. बार एकच असला की तो जाड माणसाच्या मापाने थांबतो. अशा जागी दोन सारख्या अंगाची मुलं शेजारी बसली तर बार दोघांनाही घट्ट बसतो. हाताने धरण्याचं म्हणाल, तर वळणावर आणि उतारावर अंगावर जो जोर येतो त्यापुढे आईच्या हाताचं काही चालत नाही. मुलाला धरून ठेवतो तो बार, पट्टा आणि सीटची घडण. म्हणून आता राइडच्या बाहेर उभी राहून मी आधी दोन-तीन फेऱ्या बघते. बार एक की दोन? माणूस प्रत्येक बार स्वतः ओढून बघतो की नुसता हात हलवून गाडी सोडतो? हे बघितल्याशिवाय मी मुलांना रांगेत उभं करत नाही, मग आम्ही सोबत बसणार असलो तरी.

कॅन्ससची गोष्ट तुम्ही काढलीत, ती मी पूर्ण वाचली आहे आणि अजून विसरलेले नाही. ७ ऑगस्ट २०१६. कॅन्सस सिटीतल्या एका वॉटर पार्कमध्ये त्या वेळची जगातली सगळ्यांत उंच पाण्याची घसरगुंडी होती, १६८ फुटांहून जास्त. दहा वर्षांचा मुलगा आणि त्याचा मोठा भाऊ दोघंच वर गेले. आईवडील पार्कातच होते, "भावाभावांनी एकत्र राहा" असं वडिलांनी बजावून पाठवलं होतं. पण एका तराफ्यात तिघं बसवायचे आणि तिघांच्या वजनाची बेरीज ठरलेल्या मर्यादेत बसवायची, यात दोघांची ताटातूट झाली. थोरला आधी खाली आला आणि खाली वाट बघत राहिला. धाकट्याचा तराफा मधल्या उंचवट्यावरून हवेत उडाला आणि त्या मुलाचा जीव गेला.

हे वाचताना माझ्याही पोटात गोळा येतो. पण त्या तराफ्यात मुलगा एकटा नव्हता. मागे दोन मोठ्या बायका बसल्या होत्या, त्याही जबर जखमी झाल्या. त्यांच्या जागी त्याची आई असती तरी तिला तराफा हवेत उडण्यापासून थांबवता आलं नसतं. त्या घसरगुंडीचा आराखडाच चुकीचा होता, चाचण्यांच्या वेळीही तराफे उडाले होते, आणि त्या राज्यात तेव्हा तपासणीचे नियम इतके सैल होते की पार्क स्वतःच स्वतःला पास करू शकत होतं. दुसऱ्या वर्षी कायदा बदलला. माझ्या मते या घटनेतून आईबापांनी उचलायचं ते हे, की राइड कुणी तपासली आहे ते विचारा. इथे फिरत्या जत्रांच्या राइडवर केंद्र सरकारच्या ग्राहक सुरक्षा आयोगाची नजर असते, कायमच्या पार्कांवर १९८१ पासून ती नाही, ते काम राज्यांचं. आणि फ्लोरिडात हजाराहून जास्त कर्मचारी असलेली, स्वतःचे तपासनीस ठेवणारी मोठी पार्कं राज्याच्या तपासणीतून वगळलेली आहेत. यात डिस्नेही येतं. हे तुमच्या बाजूचं आहे, आणि मी आधीच्या लेखात लिहायला हवं होतं.

अजून एक. ओहायोतल्या नेशनवाइड चिल्ड्रन्स हॉस्पिटलच्या संशोधकांनी १९९० ते २०१० या काळातल्या नोंदी तपासल्या होत्या. राइडवर लागल्यामुळे अमेरिकेतल्या इस्पितळांच्या तातडीच्या विभागात वर्षाला सरासरी ४,४०० च्या आसपास मुलं येत. त्यातली साधारण १२ टक्के मॉलमधल्या, दुकानांबाहेरच्या राइडवरची. नाणं टाकलं की डुलणारा घोडा, गाडी, तसल्या. आणि तिथे चारांतली जवळजवळ तीन मुलं पडून लागलेली. त्या घोड्यापाशी आई हाताच्या अंतरावर उभी असते, हातात पिशव्या, कधी फोन. मीही तशीच उभी राहिलेली आहे.

जत्रेबद्दल तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे, आणि जत्रेला माझं बोलणं लागू नाही हे मूळ लेखात स्पष्ट न लिहिणं ही माझी चूक. कराडजवळच्या आमच्या गावच्या जत्रेत मी लहानपणी आकाशपाळण्यात बसले आहे. पाळण्याला आडवी साखळी, तिचा आकडा कधी लागायचा कधी नाही, आणि पैसे घेणारा पोरगाच पाळणा थांबवायचा. तिथे वय विचारणारं कुणी नव्हतं, उंचीची पट्टी नव्हती. आता काही ठिकाणी बरं आहे, पण १४ जुलै २०१९ ला अहमदाबादला कांकरिया तलावाजवळचा झोका फिरता फिरता तुटला आणि दोन माणसं गेली, तो तर कायम उभ्या असलेल्या पार्कातला होता. तेव्हा तुमच्या सुनांना माझा लेख दाखवून कुणी सांगत असेल की "बघा, अमेरिकेत सोडतात", तर हा परिच्छेदही दाखवा. जिथे पट्टी नाही, बार ओढून बघणारा माणूस नाही, तिथे मुलांना एकटं सोडायचं नाही आणि आपणही सोबत बसायचं नाही.

आता तुमचा चौथा मुद्दा.

"तिने का आई व्हायचं?" हे वाक्य वाचून आधी मी मनातल्या मनात उत्तरं देत होते. की मी तिला 'भावाला सांभाळ' असं मुळीच म्हटलं नव्हतं. दोघांनाही सारखंच सांगितलं होतं: एकमेकांचा हात सोडायचा नाही, बार लागल्यावर उठायचं नाही, कुणाचंही मन बदललं तर दोघांनी परत यायचं, आणि चुकामूक झालीच तर ज्याच्या शर्टावर नावाची पट्टी आहे त्यालाच सांगायचं. मुलाच्या मनगटावर आतल्या बाजूने माझा फोन नंबर पेनने लिहिला होता. दोघंही हसत बाहेर आली होती. मग लेखात चुकलं काय?

मग तुमच्या प्रतिक्रियेची शेवटची ओळ पुन्हा वाचली. "मी चार भावंडांत थोरली. जत्रेत पाळण्यात बसले ती कायम कुणाला तरी मांडीवर घेऊनच." आणि मी माझाच लेख परत उघडला.

त्यात दुसऱ्या राइडचा किस्सा होता. दुपारी सात बुटक्यांच्या खाणीची ती आगगाडी, किमान ३८ इंच उंची लागणारी. मोठी रांग होती. बार्नस्टॉर्मर छान झाला म्हणून तिथेही दोघांनाच पाठवलं. अगदी गाडीपाशी पोचल्यावर मुलाने ती वेगात येताना बघितली आणि पाय रोवले, बसणार नाही म्हणाला. तिथल्या बाईंनी शांतपणे बाजूच्या वाटेने दोघांना बाहेर काढलं. लेक भावाचा हात धरून आली. मी लेखात काय लिहिलं होतं? "किती शहाणी माझी लेक, भावासाठी राइड सोडली, आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही."

काकू, तुम्ही बरोबर तिथे बोट ठेवलंत. मी तिचं कौतुक केलं, पण तिला काय हवं होतं हे विचारलंच नाही. आता विचारलं. मंगळवारी रात्री ती वेणी घालून घेत होती, पाठ माझ्याकडे. म्हणाली, "मला बसायचं होतं. पण तू म्हणाली होतीस दोघांनी परत यायचं." मी म्हटलं, मग तेव्हा सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, "तू मला शहाणी म्हणालीस ना, मग कसं सांगणार?" पुढे मला वेणी नीट घालता येईना.

म्हणजे सांभाळ असा शब्द मी उच्चारला नव्हता, पण नियमच असा केला होता की घाबरणार धाकटा आणि सोडून द्यायचं थोरलीने. आमच्या घरात, आमच्या आईच्या घरात, तुमच्याही घरात हेच चालत आलं आहे. थोरलीचं मन मारलं की आपण तिला गुणी म्हणतो. मला हे माझ्या घरात नको आहे.

यावर उपाय तिथेच होता आणि मला माहीतही होता. डिस्नेत 'रायडर स्विच' नावाची सोय आहे. एखादं मूल राइडला बसणार नसेल तर एक मोठा माणूस त्याच्यासोबत थांबतो, बाकीचे जाऊन येतात, मग थांबलेला माणूस पुन्हा पूर्ण रांग न लावता जाऊ शकतो. रांगेच्या तोंडाशी उभ्या कर्मचाऱ्याला आधी सांगावं लागतं. आम्ही सांगितलं असतं तर तिची राइड बुडाली नसती. आता घरात ठरलं आहे ते असं: रांगेत शिरण्याआधी दोघांना वेगवेगळं बाजूला घेऊन विचारायचं, एकमेकांसमोर नाही. एकाने माघार घेतली तर दोघं परत येतील हे कायम, कारण सात वर्षांच्या मुलाने गर्दीत एकट्याने बाहेर यावं असं मला वाटत नाही. पण मग दुसऱ्याला घेऊन आमच्यापैकी कुणीतरी त्याच वेळी पुन्हा रांगेत उभं राहायचं, रांग कितीही मोठी असो. त्यात दिवसाच्या दोन राइड कमी झाल्या तर होऊ देत.

तिच्या त्या सहलीतली एक गोष्ट मी लेखात लिहिली नव्हती, कारण तेव्हा ती महत्त्वाची वाटली नव्हती. शेवटच्या संध्याकाळी मुलगा बापाच्या खांद्यावर झोपून गेला होता. लेकीला 'स्पेस माउंटन'ला जायचं होतं, ४४ इंचांची, अंधारातली. मला अंधारातल्या वळणांनी मळमळतं, म्हणून मी तिला आत एकटीला सोडलं आणि बाहेर पडायच्या दाराशी उभी राहिले. ती आली तेव्हा केस विस्कटलेले, एका बुटाची नाडी सुटलेली, आणि माझ्याकडे न बघता मागे वळून त्या पांढऱ्या घुमटाकडे बघत होती. मी विचारलं, शेजारी कोण होतं गं? म्हणाली, "कुणीच नाही. तिथे शेजारी जागाच नसते, एकामागे एक बसायचं. मी सगळ्यात पुढे होते."