सी-व्ह्यू

माझी पुतणी मराठी घेऊन एमए करते आहे. प्रादेशिक कादंबरीवर तिने एक निबंध लिहिला आणि श्री. ना. पेंडशांबद्दल लिहिताना रेमंड विल्यम्स या मार्क्सवादी समीक्षकाचा आधार घेतला. निबंध तपासून आला तेव्हा समासात लाल शाईने शेरा होता: 'मार्क्सचा परदेशी चष्मा काढून कोकण बघा.' तिने त्या पानाचा फोटो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "काका, तुम्ही तिथेच राहता ना? आता तुम्हीच सांगा."

तिथेच म्हणजे वेल्समध्ये, कार्डिफला. विल्यम्स इंग्रजीत लिहायचा म्हणून त्याला इंग्रज समजण्याची चूक मीही इथे येईपर्यंत करत होतो. तो वेल्सचा. १९२१ साली इंग्लंडच्या सीमेजवळच्या पँडी नावाच्या खेड्यात जन्मला. बाप रेल्वेत सिग्नलमन. कामासाठी मला महिन्यातून दोनदा हेरिफोर्डला जावं लागतं. अ‍ॅबरगॅव्हेनी मागे पडलं की गाडी त्या गावाजवळून जाते. डावीकडे ब्लॅक माउंटन्सचे डोंगर, उतारावर मेंढ्या, आणि बहुतेक वेळा पाऊस. काच धुरकटली की पुढचं स्टेशन कोकणातलं नांदगाव असेल असं क्षणभर वाटून जातं. पुतणीचा बाप, म्हणजे माझा चुलतभाऊ, कोकण रेल्वेत गेटमन आहे, हेही त्याला कारण असेल. १९२६ च्या सार्वत्रिक संपात पँडीचे सिग्नलमन उतरले होते. माझे बाबा १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणी संपात गिरणीतून बाहेर पडले ते परत आत गेले नाहीत. दोन वर्षांनी बिऱ्हाड गुंडाळून देवगड तालुक्यातल्या गावी आले. त्यामुळे विल्यम्सची ओळख मला पुस्तकातून झाली तरी परका माणूस भेटल्यासारखं काही वाटलं नाही.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. काही ठराविक भागांतल्या जगण्यावर लिहिलं की ती नुसती कादंबरी होते. बाकीच्या भागांतल्या जगण्यावर कितीही मायेने लिहा, ती प्रादेशिक. आता पेंडसे बघा. दापोलीजवळच्या मुर्डीचा माणूस, नोकरी मुंबईत 'बेस्ट'मध्ये, आणि १९५२ साली 'गारंबीचा बापू'. बिरुद कायमचं चिकटलं: प्रादेशिक कादंबरीकार. सदाशिव पेठेत घडणाऱ्या कादंबरीला कोणी प्रादेशिक म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. सदाशिव पेठ हा काय प्रदेश नव्हे? तिलाही बोली आहे, जात आहे, पाऊसही आहे, जरा कमी असेल.

एवढं म्हणायला मार्क्स लागत नाही, हे मी सरांच्या बाजूने मान्य करतो. दुखावलेल्या कुठल्याही कोकणी माणसाला ते सुचेल. मार्क्स लागतो तो पुढे. विल्यम्सने १९७३ साली 'द कंट्री अँड द सिटी' लिहिलं. इंग्रजी कवितेतली टुमदार खेडी, हिरवी कुरणं, उमरावांचे देखणे वाडे घेऊन तो प्रत्येक ठिकाणी एकच विचारत जातो, इथे राबत कोण होतं? जिथे माणसं राबतात त्या जमिनीला ती माणसं देखावा म्हणत नाहीत, कारण देखावा बघायला आधी बाजूला होऊन उभं राहावं लागतं. आणि वाडा बघून भारावून जाण्याआधी तो उभा करायला किती पिढ्यांचं किती पीक उचललं गेलं असेल त्याचा हिशेब मांडा, असं तो सांगतो.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या गावातला खोताचा, म्हणजे सरकारसाठी कुळांकडून सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचा, वाडा दिसला. आज तिथे होमस्टे आहे. केळीच्या पानावर जेवण, पडवीत झोपाळा, पाहुणे फोटो काढतात. माझे आजोबा त्या खोताचे कूळ. आजी त्या अंगणातून जाताना चपला हातात घेत असे, आणि पुढे कोणाची भीती उरली नव्हती तरी हात आपोआप खाली जायचा असं सांगून हसायची. खोती मोडण्याचं विधेयक डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चा घेऊन आले, त्यात कम्युनिस्टही होते. तिकडे अलिबागजवळ चरीला नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत कुळांनी जमिनीच कसल्या नाहीत. खोती संपवणारा कायदा यायला १९४९ उजाडलं. कोकणावरच्या ललित लेखनात समुद्र, सुरू, ओवळीची फुलं आणि गजाली यांच्या गर्दीत हा सहा वर्षांचा संप किती ठिकाणी भेटतो, हा प्रश्न विचारायला चष्मा हवाच, नुसता डोळा पुरत नाही.

चष्मा परदेशी म्हणावा, तर तो आपल्या गावात कधीचा आहे! वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते. कादंबरीकार ना. सी. फडके कलेसाठी कला म्हणत तेव्हा जीवनासाठी कला म्हणणारा हा माणूस मिठागरांच्या आणि माडांच्या गावात बसला होता. १९३० चा मिठाचा सत्याग्रह त्याच गावात झाला. खांडेकर मार्क्सवादी नव्हते. पण त्याच दशकात, १९३५ साली, लालजी पेंडसे (हे पेंडसे वेगळे) यांचं 'साहित्य आणि समाजजीवन' हे पुस्तक आलं, आणि मार्क्सच्या अंगाने मराठी साहित्याकडे बघणं तेव्हापासून चालू आहे. इतक्या वर्षांत काजूही आपली झाली. तीही पोर्तुगिजांबरोबर आलेली.

विल्यम्स आपल्याला जिथे पुरत नाही ती जागाही पुतणीला दाखवायला हवी. त्याच्या खेड्यात शेतकरी आणि रेल्वेवाले होते, बौद्धवाडी नव्हती. आमच्या आजोबांना खोताच्या अंगणात चपला घालता येत नव्हत्या, पण आमच्याही विहिरीवर कोणाकोणाला येता येत नव्हतं, आणि ते घरात कोणी हसून सांगत नाही. निव्वळ खोत विरुद्ध कूळ अशी कोकणाची गोष्ट लिहिली तर आमच्यासारख्यांना ती फार सोयीची पडते. जातीच्या प्रश्नावरून १९७८ साली मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष सोडून मार्क्स, फुले, आंबेडकर एकत्र वाचायला सांगणारे विचारवंत शरद पाटील तिने विल्यम्सच्या शेजारी ठेवले असते तर सरांना तो शेरा मारणं जड गेलं असतं.

'द कंट्री अँड द सिटी'मधली एक गोष्ट मात्र माझ्यावरच उलटली. इंग्रजी लेखक दर पिढीत म्हणतो, खरं खेडं माझ्या लहानपणी होतं, आत्ताच गेलं. विल्यम्स सरकत्या जिन्यावर उभा राहिल्यासारखा मागे मागे जातो. प्रत्येक पायरीवर हीच तक्रार, आणि जिना थेट ईडनच्या बागेपर्यंत पोचतो. माझं खरं कोकण १९८५ चं. बाबांचं त्याच्या आधीचं. आजीला विचारलं तर ती जिन्यावर चढतच नसे. म्हणे, तेव्हा पेजही दोन वेळ मिळत नसे.

दशावतारावर मी अशीच तक्रार केली होती. ट्रिकसीन, धूर, रंगीत दिवे यांनी जुना दशावतार संपवला, असं तावातावाने लिहून गावच्या ग्रुपवर टाकलं. एका कलाकाराने दोन ओळींत उत्तर दिलं: "तुमी वर्साक एकदा येतास. आमका रोज तोंड रंगवचा लागता." विल्यम्स अवशिष्ट संस्कृती म्हणतो ती हीच असावी. जुन्यातून आलेली, पण आजच्या माणसांच्या हातात आजच्या कामाला लागलेली. म्युझियममध्ये ठेवायची घाई आम्हा बाहेरच्यांनाच असते.

इकडे रस्त्यावर मोठ्या अक्षरांत 'अराफ' लिहिलेलं असतं, म्हणजे वेल्श भाषेत हळू. २०२१ च्या जनगणनेत वेल्श येणारे १७.८ टक्के निघाले. विल्यम्सलाही लहानपणी ती येत नव्हती. त्याच्या भागातून ती आधीच गेली होती. माझ्या मुलीला शाळेत वेल्श शिकावीच लागते, मालवणी तिला नुसती कळते. समुद्रकाठच्या खेड्यांतली घरं बाहेरच्यांनी सुट्टीसाठी घेतल्याने हिवाळ्यात गल्ल्या अंधारात असतात, म्हणून एप्रिल २०२३ पासून अशा दुसऱ्या घरांवर तीनशे टक्क्यांपर्यंत जादा कर लावायचा अधिकार इथल्या कौन्सिलांना मिळाला. हे मी गावी कौतुकाने सांगत असतो.

गेल्या आठवड्यात चुलतभावाचा फोन आला. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, आमच्या बावीस गुंठ्यांना मुंबईचं गिऱ्हाईक आलंय. गवताखेरीज तिथे काही होत नाही, पण खाली समुद्र दिसतो. सातबाऱ्यावर सात नावं, त्यात एक माझं. मी त्याला वेल्समधल्या कराबद्दल सांगू लागलो, अंधारातल्या गल्ल्यांबद्दलही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"तुका फवारणी करूची नाय, राखणीक रवाचा नाय," तो म्हणाला. "चेडवाची फी मी भरतंय. तुका थंयसून दर्या बघूचो आसा म्हणान जागा ठेवची?"

मी गप्प. तो म्हणाला, "पावसाच्या आधी काय ता सांग," आणि फाटक लावायची वेळ झाली म्हणून फोन ठेवला. पुतणीलाही मी अजून उत्तर लिहिलेलं नाही.